लशीची घोडी

“हिच्या अंगात इख हाय व्हय?” बाळासोंनी घोडीच्या तोंडातला हात झटकन मागे घेतला. “आन् मी दात बघतोय!”

“घाबरू नका. आता काही नाही,” मी म्हणाले.

“आता म्हंजी? ताई, मला नवरदेव बसवायचाय हिच्यावर.”

“बसवा की,” शेजारच्या साखरबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. “लग्नानंतर चावून घ्यायचंच हाय त्याला, आदी चावलं तर काय बिघडलं?”

बाळासो दौंडहून आले होते. तिथं ते वरातीच्या घोड्या ठेवत. बाबा गेले त्याला महिना होत आला होता. मला नोकरीवर परतायचं होतं आणि इथं निमोण्यात घोडी सांभाळायला कोणी नव्हतं. साखरबाईंचे गुडघे गेलेले. बाळासोंनी नेली नाही तर उद्या व्यापारी येणार होता. म्हाताऱ्या घोडीचं तो काय करतो, हे विचारायचं धैर्य मला नव्हतं.

मी बाळासोंना समजावून सांगितलं. घोडीला सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचतात. तिचं रक्त त्याच्याशी लढायला शिकतं. मग मानेच्या शिरेतून ते रक्त काढून साप चावलेल्या माणसाला द्यायची लस करतात. बाबांचं सारं आयुष्य या कामात गेलं. रक्तातला तांबडा भाग वेगळा काढून घोड्याला परत द्यायची पद्धत त्यांच्या प्रयोगशाळेत त्यांनीच पहिल्यांदा बसवली. त्यानंतर तिथले घोडे म्हातारे होईपर्यंत जगू लागले. निवृत्त होताना बाबांनी सत्कार नाकारला आणि कामातून काढलेली ही घोडी मागून घेतली.

बाळासोंनी मोबाइलवर बँड मोठ्यानं लावला. घोडीनं नुसते कान हलवले.

“गुणाची हाय,” म्हणत त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. तशी तिनं डोकं उचललं, तोंड पलीकडे वळवलं आणि गळा ताणून ती स्तब्ध उभी राहिली.

“हे काय करतीय?”

“सुईची वाट बघतेय.”

“ताईचं वडील, डाक्टर आबा, तिथं अंगठा दाबायचे,” साखरबाई म्हणाल्या. “रगत काढल्यावर दाबत्यात तसा. त्याबिगर मान खाली करतच न्हाई ती. मी म्हनायचे, आबा, सुई न्हाई, बाटली न्हाई, मंग कशापायी? तर म्हनायचे, ते आपल्याला ठावं. तिला कुठं ठावं हाय?”

बाळासोंनी बँड बंद केला. घोडी तशीच उभी.

“वरातीला न्हाई चालायची ही,” ते म्हणाले. मी घोडीचा दोर धरायला हात पुढे केला. तसे ते म्हणाले, “तसं न्हाई ओ. माझी एक घोडी हाय. जोडीदारीण मेल्यापास्नं नीट खात न्हाई. तिच्याशेजारी बांधीन हिला. पन ते दाबायचं कसं, तेवढं दावा.”

मी पुढे झाले. शीर कुठे असते ते लहानपणापासून पाहिलेलं होतं. अंगठा ठेवला, दाबला. आत खोलवर ठोके लागत होते.

शिरूरच्या दवाखान्यात मी पोचले, तेव्हा नर्सनं बाबांचा हात माझ्या हातात दिला होता. त्यांच्या मनगटावरही मी असाच अंगठा ठेवून पाहिला होता. तिथं ठोका लागला नव्हता.

“बास, ताई. कळलं,” बाळासो हळूच म्हणाले.

घोडीनं सावकाश मान खाली घातली. तिच्याबरोबर मीही वाकले. अंगठा काढला नाही.