निळ्या झेंडीचा बंदोबस्त

या, पुढे सरका. ढोलकवाल्या, जरा हात थांबव, भजन कुठे पळून जात नाही. आरतीला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. गोष्ट देवाची नाही, देवापुढे फुशारक्या मारणाऱ्यांची आहे. पण ऐकून हात जोडावेसे वाटले, तर ते कुणासाठी जोडायचे, तेवढं मात्र मी सांगेन.

पलीकडचा व्हेनेझुएला आपल्या या एसेकिबो प्रांतावर हक्क सांगतो, हे तुम्हाला काय नव्यानं सांगायचं? त्यांच्या नकाशात हे आपलं मंदिरसुद्धा त्यांचंच. ते गुरगुरले की आपल्या राजधानीत खुर्च्या हलतात. त्या वर्षीही हलल्या. जॉर्जटाउनच्या गारेगार सभागृहात देशाच्या संरक्षणाचं धोरण ठरवायला परिषद भरली. भाषणं झाली, चिकन आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या कुक-अप भातावर हात मारून झाला, आणि ढेकर देता देता एक ‘सज्जता कक्ष’ जन्माला आला. त्याचे प्रमुख झाले रामखेलावन साहेब. माणूस आपल्याच किनाऱ्यावरचा, पण परदेशात युद्धशास्त्र शिकून आलेला. लढाई कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, मात्र पडद्यावर लाल बाण काढून ती जिंकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

साहेबांनी आधी काय केलं, तर ड्रोन उडवला. शत्रूवर नव्हे, आपल्यावर. त्या चित्रांत दुलारी आजीचं अंगण सापडलं. नदीकडे तोंड करून तीन उंच बांबू, आणि त्यांवर पिवळी, निळी, लाल अशा तीन झेंड्या. शत्रूच्या झेंड्याचेही हेच तीन रंग! कक्षात म्हणे टाळ्या वाजल्या. घरभेदी सापडला होता.

आता आपल्यातलं शेंबडं पोरही सांगेल, की लाल हनुमानाची, पिवळी देवीची, निळी महादेवाची. आपले पूर्वज हिंदुस्थानातून जहाजानं आले, तेव्हापासूनची ही रीत: पूजा झाली की अंगणात बांबू रोवायचा, आणि मग त्याला हात लावायचा नाही. उन्हापावसात विरून तो आपणहून पडेपर्यंत तो देवाचा. आजीनं ही पूजा केली होती हरदतसाठी. आईबापाविना तिनंच वाढवलेला हा नातू सैन्यात लागला आणि वर कुयुनी नदीच्या ठाण्यावर गेला. पलीकडच्या काठावर शत्रू. पोरगं धडधाकट परत यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

हरदत कधीमधी टेकाडावर चढून फोन करायचा. ठाण्यावर होडी आहे, पण तिचं इंजिन दुरुस्तीला म्हणून शहरात गेलंय ते गेलंच, असं तो हसत सांगायचा. आजी हसायची नाही. बाजारात मासळी घेताना ती प्रत्येकाला विचारायची, की इंजिनाचं कुठे बोलावं लागतं हो?

तर अशा आजीच्या दारात जीपगाड्या येऊन थांबल्या. साहेब उतरले. बरोबर सैनिक होते, आणि कॉर्पोरल रॉयस्टन होता. हा रॉयस्टन मेथडिस्ट ख्रिस्ती घरातला, पण आजीच्या शेजारी वाढलेला आणि तिच्या हातची दालपुरी खाऊन मोठा झालेला. साहेबांनी झेंड्या तोडण्याचा हुकूम वाचला. ऐकून आजी बांबूंच्या बुडाशी फतकल मारून बसली.

“तू महादेईचा नातू ना रे?” तिनं साहेबांना विचारलं. “तुझ्या बारशाला झेंडी लागली, तेव्हा प्रसादाचा शिरा मी ढवळला होता. तेव्हा नाही तुला शत्रू दिसला?”

साहेब म्हणाले, हा भावनेचा विषय नाही, धोरणाचा आहे. मग आजीनं इंजिनाचं विचारलं. ती गोपनीय बाब आहे, असं उत्तर आलं. कुंपणापलीकडे जमलेली मासळीवाली खुदकन हसली, कारण ती गोपनीय बाब तिला तोंडपाठ होती.

मग पंडितजी मध्ये पडले. तीन रंगच खुपत असतील तर मध्ये सत्यनारायणाची पांढरी झेंडी लावू, म्हणजे गोंधळ मिटेल, असं त्यांनी सुचवलं. साहेब गंभीरपणे म्हणाले, पांढरी म्हणजे शरणागती. एवढं शिकायला माणूस समुद्र ओलांडून गेला होता, बरं का!

शेवटी साहेबांनी रॉयस्टनला कोयता चालवायला सांगितलं. रॉयस्टननं कोयता हळूच गवतावर ठेवला.

“साहेब, पुढच्या महिन्यात माझीही बदली हरदतच्याच ठाण्यावर आहे. इंजिन तुम्ही देत नाही. हेही तोडलंत, तर आमच्या बाजूनं तिथं उरतं काय?”

साहेबांकडे इंजिन नव्हतं, पण अधिकार होता. त्यांनी कोट काढला, स्वतः कोयता उचलला, आणि घामाघूम होऊन निळा बांबू तेवढा आडवा केला. तीन रंगांचे दोनच उरले, धोका टळला! झेंडीची गुंडाळी करून पुरावा म्हणून राजधानीत नेली. तिथं ती काचेच्या पेटीत लागली आणि पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. इंजिन मात्र आलं नाही.

रॉयस्टन ठाण्यावर गेला. लाकडं गोळा करताना त्याला साप डसला. पलीकडच्या शत्रूनं गोळीसुद्धा झाडली नव्हती, हे ध्यानात घ्या. दवाखाना नदीच्या खालच्या अंगाला. इंजिन असतं तर दुपारच्या आत पोचले असते. हरदतनं वल्ही मारली, तळहाताची सालटं निघेतो मारली. वाटेत रॉयस्टन आपल्या आईचं, चर्चमधलं एक भजन पुटपुटत होता. दवाखान्याचा धक्का दिसायच्या आधीच तो थांबला.

हरदत घरी आला, धडधाकट. आजीचं मागणं पुरं झालं होतं, पण तिच्या तोंडात घास फिरत होता. गावातली माणसं कुजबुजली, की निळी झेंडी तोडली, त्याचाच हा कोप.

आजी त्यांच्यावर उखडली. “महादेव असा डूख धरत नाही. इंजिन नव्हतं म्हणून पोर गेलं. साहेबांचं पाप देवाच्या नावावर खपवू नका.”

मी आयुष्यभर कथा-कीर्तनं ऐकली, पण इतकं स्वच्छ निरूपण दुसरं ऐकलं नाही. साहेब पुढे आणखी मोठ्या परिषदेला गेले, त्यांची काळजी नको. आता आरतीला उभे राहाल, तेव्हा माझं एवढं ऐका. रॉयस्टनची आई शेजारच्या चर्चमध्ये एकटीच गाते. तुमच्या देवापुढे तिच्या मुलाचं नाव मनात घ्या. देव चालवून घेईल.