बर्फीचे केस

"आवं, मारताय का इंचरताय तिला?" पारूबाईंनी चुलीपुढून नवऱ्याला ओरडून विचारलं.

धोंडिरामनं हातातला पोलादी कंगवा सोप्याच्या भिंतीवर फेकून मारला. बर्फी नावाचं ते पांढरं पर्शियन मांजर खाटेखाली जाऊन बसलं आणि तिथून आपल्या चपट्या तोंडानं त्याच्याकडं बघत राहिलं. राग नाही, भीती नाही. सासुरवाडीची मंडळी जावयाच्या घरात बघतात तसं ते नुसतं बघत होतं.

"ह्ये मांजार हाय का सरकारी पाव्हनं?" धोंडिराम करवादला. "उंदीर मारत न्हाई, दूध पीत न्हाई, उडी मारायला सांगितली तर आपल्याच त्वांडाकडं बघतंय. आन् घरभर क्यास! भाकरीत क्यास, अंथरुनात क्यास. एक दिस नेऊन टाकतो बघ माळावर!"

कडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात धोंडिराम चौतीस वर्षं ड्रेसर होता. गाव त्याला डॉक्टरच म्हणायचं, कारण खरा डॉक्टर कधी रजेवर, कधी मीटिंगला, आणि धोंडिराम कायम जागेवर. मारका बैल, अडलेली म्हैस, कुत्र्यांनी फाडलेलं मेंढरू, सगळ्यांच्या जखमा त्यानं बांधल्या होत्या. अशा माणसाला निवृत्तीनंतर चार किलोच्या मांजरानं घाम फोडावा, यापरतं हसं ते कोणतं!

आणि लाड तरी किती? नाक दोन डोळ्यांच्या मधे दाबून बसवलेलं, त्यामुळं डोळे सारखे पाझरायचे. ते दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसायचे. वाटीत तोंड जात नाही म्हणून खाणं पसरट ताटलीत. ऊन सोसत नाही म्हणून दुपारी ओलं पोतं अंथरायचं. रोज वीस मिनिटं विंचरायचं, आधी रुंद दात्यांच्या कंगव्यानं आणि मग बारीक, थर उलगडत, कातडीपर्यंत. शेपटीखालचं तर बोलायलाच नको.

पण हे मांजर मायाचं होतं. धोंडिरामची एकुलती एक लेक पाच महिन्यांपूर्वी पुण्याहून, सासरहून परत आली, ती एक बॅग आणि ही बर्फी घेऊन. काय झालं ते तिनं सांगितलं नाही. धोंडिरामनं एकदाच विचारलं, तर ती दोन दिवस जेवली नाही. मग त्यानं पुन्हा विचारलं नाही. सांगलीच्या एका लॅबमध्ये तिनं नोकरी धरली, सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळच्या एसटीनं यायची. आल्यावर विचारायची, "आबा, बर्फीनं खाल्लं का? डोळं पुसलं का?" तो म्हणायचा, खाल्लं, पुसलं. बापलेकीत बोलणं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच. ते मांजर घरात नसतं तर दोघं एकमेकांशी काय बोलली असती, कोण जाणे. धोंडिरामला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो त्या मांजरावर जास्त चिडायचा.

विंचरायचं काम एरवी मायाच करायची, पण गेले आठ दिवस ती लॅबच्या कामासाठी कोल्हापूरला होती. जाताना तिनं चारदा बजावलं, "आबा, एक दिवस चुकवू नका. गाठी झाल्या की कातडी वढती तिची." पहिल्या दिवशी बर्फीनं पोटाला, कुशीला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी धोंडिराम एका लग्नाला गेला. तिसऱ्या दिवसापासून त्यानं नादच सोडला. फोनवर मात्र रोज, "इंचरली की. झ्याक हाय." पाचव्या दिवशी उकाडा फार वाढला, म्हणून त्यानं वासराला घालतात तशी तिला साबण लावून आंघोळ घातली. इथंच पाय खोलात गेला. न विंचरलेले केस भिजले आणि वाळताना एकमेकांत घट्ट बसले.

आज पाचच्या एसटीनं माया येणार होती आणि मांजराच्या अंगावर कंगवा शिरायला जागा नव्हती.

"आता सांगा लेकीला, झ्याक हाय म्हनून," पारूबाई म्हणाल्या.

"तू गप गं जरा!"

त्यानं दवाखान्याची जुनी कात्री काढली. पण गाठी कातडीला चिकटलेल्या, मांजराची कातडी कागदासारखी, आणि निवृत्तीपासून त्याच्या हाताला कंप सुटलेला. एका गाठीतच त्याला दरदरून घाम आला. कातडीला लागून, रक्ताचा थेंब न काढता केस कापणारा हात आसपास एकच होता. त्यानं बर्फीला पिशवीत घातलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं, आणि निघाला.

जतकडचा हरिबा धनगर ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवून होता. दरवर्षी यायचा. त्याच्या कळपाच्या जखमा धोंडिराम बांधायचा, त्यामुळं ओळख जुनी. बाभळीखाली बसून तो मेंढरं कातरतच होता.

"डाक्टर, ह्ये काय आनलं? कुत्रं म्हनावं का सस्सा?"

"मांजार हाय. कातर."

हरिबानं हात थांबवला. "चाळीस वर्सं कातरतूया. मांजराची लोकर कुनी कातरून घेतल्याली ऐकली न्हाई." मग बोटांनी चाचपून म्हणाला, "आवं, ह्याचं तर लोकर दाबून क्येल्यालं जेन झालंय! बसायला घ्या खाली. धुतलं व्हय न इंचरता? लोकर अशी धुत्यात व्हय? लय शाना मानूस तुमी!"

धोंडिराम खाली मान घालून उभा राहिला. गावचा डॉक्टर धनगराकडून बोलणी खात होता आणि ती रास्त होती.

हरिबानं चिमूटभर भंडारा बर्फीच्या कपाळाला लावला, तिला मेंढरासारखं बुडावर बसवलं, पाठ आपल्या मांडीला टेकवली आणि कातर चालवायला सुरुवात केली. कंगवा बघून घर डोक्यावर घेणारी ती बया इथं डोळे मिटून बसली. धोंडिरामला तिचा खरोखर राग आला. पांढरी लोकर एकसंध निघत होती, आत निघालेलं मांजर जेमतेम मूठभर होतं.

डाव्या कुशीवर हरिबाचा हात थांबला. "डाक्टर, ह्ये पोळलंय जनू."

धोंडिराम उकिडवा बसला. कुशीवर दोन डाग होते, गुलाबी, चकाकते, केस न उगवलेले. कडा ओघळलेल्या. उकळतं पाणी, वर्षभरापूर्वीचं, औषधपाणी न होता बरं झालेलं. असलं त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. जनावर बोलत नाही, म्हणून जखमेकडूनच सगळं ऐकायची त्याला सवय होती.

पण दोन डागांच्या मधे चार बोटं रुंद कातडी कोरी होती. सरळ कडांची. तिथं पाणी पोचलंच नव्हतं. कारण तिथं काहीतरी आडवं होतं. मांजर कुणीतरी पोटाशी धरलेलं होतं, आणि तिथं हात होता.

त्यानं आपला पंजा त्या कोऱ्या जागेवर ठेवून पाहिला. मग त्याला आठवलं की भर वैशाखात माया पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालते. लॅबमध्ये एसी असतो म्हणते.

"काय झालं?" हरिबानं विचारलं.

"काय न्हाई. कातर फुडं."

पाच वाजून गेल्यावर माया दारात आली. सोप्यात बर्फी खाटेवर बसली होती, डोकं आणि शेपटीचा गोंडा तेवढा केसाळ, कपाळ पिवळं, बाकी उघडी. मायाच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आबा! ह्ये काय क्येलंत?" पाच महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एवढं सांगून गेले हुते! एक काम, एक..." आणि तिची नजर कुशीवर गेली.

धोंडिरामनं सरकून खाटेवर जागा केली. "बस. बाही वर कर."

"आबा, जुनं हाय त्ये."

"व्हय. वर्साचं हाय. दिसलं मला."

ती बसली. पारूबाई पिठाच्या हातांनी तशाच दारात येऊन उभ्या राहिल्या. मायानं डावी बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत धड कातडी नव्हती, नुसता व्रण होता.

"चाचं आधन हुतं," ती म्हणाली. "मांजराचं क्यास घरभर व्हत्यात म्हनून त्यो चिडला. मांजरावरच टाकनार हुता. म्या उचलली तिला."

धोंडिरामनं मान खाली घातली. सकाळीच आपण काय ओरडलो ते त्याला शब्दन् शब्द आठवलं आणि स्वतःची शिसारी आली.

"पट्टी कुनी क्येली?"

"कुनी न्हाई."

"आगं, मी हुतो की," तो म्हणाला. "यष्टीनं चार तास. कुनाच्याबी म्हशीला जातो मी. तुला आलो नसतो व्हय?"

"आला असता." माया हळू बोलली. "पन लग्नाचं ठिकान तुमीच बघितलं हुतं, आबा. लय हौसंनं. तुमाला कसं सांगायचं?"

पारूबाईंनी पदर तोंडाशी धरला. धोंडिराम उठला, आत गेला आणि मलमाची डबी घेऊन आला. वर्षभराच्या व्रणावर कोणतंही मलम चालत नाही, हे त्याच्याइतकं तालुक्यात कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो तिच्याशेजारी बसला, लेकीचा हात मांडीवर घेतला आणि बोटानं मनगटापासून मलम लावायला लागला.

"दुखतंय?"

"न्हाई," माया म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.