कुंड्यांच्या तळाशी

...पाहुण्यांना वाचून दाखवायच्या कार्डाचा कोपरा दुमडला होता, आणि तो अंगठ्याने सरळ करता करता ल्युवेनियाची नजर पुन्हा त्याच ओळीवर गेली. सातवं कार्ड, चौथी ओळ. ‘या मळ्यावरच्या गुलामांना कुठे पुरलं, हे आज कोणालाच ठाऊक नाही.’ अक्षर तिचंच, वाक्यही तिचंच. जानेवारीत कोर्टनीने – या घराची आणि बागेची नवी व्यवस्थापक, वय एकतीस, उत्साह नुसता उतू चाललेला – तिला सांगितलं होतं, ‘मिस ल्युवेनिया, मालकिणीची झुंबरं आणि चांदीचे चमचे पुष्कळ झाले. आता पाहुण्यांना सगळा इतिहास सांगायचा, आणि तो तुम्ही लिहायचा.’ तिने लिहिला. भाताची खाचरं कोणी खणली, विटा कोणी भाजल्या, कॅमेलियाची पहिली कलमं कोणाच्या हातची, कोणाचं लेकरू आईपासून तोडून कुठे विकलं – सगळं नावानिशी, पानंच्या पानं, न घाबरता. आणि सातव्या कार्डाशी येऊन... कोणालाच नाही? अगं बाई, खरंच कोणालाच?

सकाळी दहाला फ्रेझर कुटुंब येणार होतं. पहिलाच दिवस या नव्या माहितीचा, आणि पहिलेच पाहुणे ते, ज्यांची माणसं इथे गुलामीत राबली. चौदा जण, आणि त्यांच्यात मिस रोझेटा, एकोणनव्वद वर्षांच्या. त्यांचा फोन गेल्या आठवड्यात आला तो थेट तिलाच. ‘पोरी, मला ते झुंबर नको दाखवूस. माझ्या आजीची आजी निजलीय तिथे, मोठ्या ओकखाली. उशाशी निळ्या काठाचा वाडगा आहे, अर्धा फुटलेला. शेवटची पेज त्यातच प्याली म्हातारी. मी सात वर्षांची असताना या हाताने चाचपलाय तो. मग मालक बदलला, फाटक लागलं, आम्हांला कोण आत सोडतंय? तेवढं एक दाखव, आणि मग मी मरायला मोकळी.’ आणि ल्युवेनिया काय म्हणाली? ‘या ना, नक्की या.’ दुसरं सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर मात्र तिने सातवं कार्ड काढून पुन्हा वाचलं, आणि आठवडाभर रोज वाचतेय.

कारण वाडगा तिने पाहिला होता. पाहिला कसला...

सव्वीस वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. ती तेव्हा बागेत कामाला होती, चौथाच आठवडा. मुख्य माळी हॅस्केल – आता तोही मातीत गेला – म्हणाला, ओकखालचं भंगार उचला, मार्चच्या आत तिथे अझेलियाची झुडपं फुलली पाहिजेत. पहिली हातगाडी तिने न बघताच भरली. फुटके पेले, बशा, औषधाच्या बाटल्या, एका दिव्याची काच. दुसरी भरताना हाताला वाडगा लागला आणि हात थांबला. आई सांगायची – माणसाने शेवटचं जे वापरलं, ते फोडून त्याच्या मातीवर ठेवायचं. फोडायचं अशासाठी की साखळी तुटावी, त्याच्या पाठोपाठ घरातलं आणखी कोणी जाऊ नये. आणि ठेवलेलं हलवायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी नाही, हलवणाऱ्याच्या मागे ते माणूस लागतं. हॅस्केलला हे ठाऊक नव्हतं. त्याला तो उकिरडा दिसला. तिला कबरी दिसल्या, एक नाही, दोन नाही, सगळा ओकखालचा पट्टा... आणि ती तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली. नोकरी नवी, पोर तीन वर्षांचं, आई अंथरुणाला खिळलेली. ही कारणं खरी आहेत. मी खोटं सांगत नाही. पण सव्वीस वर्षं तीच तीच कारणं घोकली की ती खरी असूनही तोंडात कडू लागतात.

आणि तेवढ्यावर थांबलं असतं तरी... हॅस्केल म्हणाला, ‘फेकू नकोस, कुंड्यांत घाल.’ सगळेच माळी घालतात. कुंडीच्या भोकावर खापऱ्या ठेवल्या की पाणी निथळतं आणि माती वाहून जात नाही. वाडगा मोठा होता, भोकावर बसेना. मग तिनेच हातोडी घेतली. दोन घाव. एकदा फुटलेलं मी पुन्हा फोडलं. सोळा मोठ्या कुंड्या भरल्या, वर कॅमेलिया लावल्या, आणि त्या सोळाच्या सोळा आजही मोठ्या घराच्या व्हरांड्यात ओळीने उभ्या आहेत. काखेत कळसा म्हणतात तो हा. आई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली. योगायोग. चार पुस्तकं वाचलेली बाई आहे मी, योगायोगच म्हणते. पण आईच्या मातीवर तिचा पेला ठेवायला माझा हात धजला नाही, तो अजून कपाटात आहे.

‘सातवं कार्ड ऐकून लोक रडतील बघा,’ कोर्टनी मागून येऊन म्हणाली. ‘काय सुंदर वाक्य लिहिलंय तुम्ही!’

‘ते वाक्य जरा...’

‘त्याला हात नका लावू हं. अगदी बरोबर आहे.’ आणि ती फाटकाकडे पळाली, बस आली होती.

मिस रोझेटा सर्वांत शेवटी उतरल्या. जांभळी टोपी, चौपायी काठी, दोन्ही बाजूंना नातवंडं आणि दोघांवरही चाललेली दटावणी – ‘मला धरू नका रे, मी काय पडलेलं झाड आहे?’ व्हरांड्यापर्यंत आल्या आणि घराकडे मान वर करून पाहत राहिल्या. ‘लहानपणी केवढं दिसायचं हे! का मीच फुगले?’ सगळे हसले. आत यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. ‘त्यांच्या दिवाणखान्यात माझं काय काम? जे सांगायचं ते इथे सांग.’ खुर्ची आणली. त्या बसल्या आणि शेजारच्या कुंडीच्या काठावर त्यांनी हात टेकला. ‘फुलं झकास आहेत गं. कोण बघतं यांच्याकडे?’

‘मीच,’ ल्युवेनिया म्हणाली.

तिने सुरुवात केली. पहिलं कार्ड, दुसरं... आवाज नीट होता, तिचाच होता, पण ती कुठेतरी बाजूला उभी राहून तो ऐकत होती. वाच आणि उरकून टाक. म्हातारी दमेल, जेवायची वेळ होईल, बस निघून जाईल. कोणाचं काय बिघडतंय? मेलेल्यांचं? ते तसेही बोलत नाहीत. आणि सांगून तरी काय, वाडगा सांधला जाणार आहे का? ती बोलत होती, आणि म्हातारीची बोटं कुंडीच्या काठावरून फिरत होती, आई पोराच्या केसांतून फिरवते तशी. पाचवं. सहावं. सातवं.

‘या मळ्यावरच्या गुलामांना कुठे पुरलं, हे आज कोणालाच...’

ती थांबली. कोर्टनीला ते थांबणं फार आवडलेलं दिसलं. तिने डोळे टिपायला रुमालही काढला.

‘मला ठाऊक आहे,’ ल्युवेनिया म्हणाली.

मग तिने सांगितलं. भराभर, वेडंवाकडं, मधलं आधी आणि आधीचं नंतर, पण सगळं. ओक, हातगाड्या, हातोडी, कुंड्या. मिस रोझेटांचा हात कुंडीवरून उचलला गेला आणि मांडीवर जाऊन पडला. कोणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं.

‘तू कोणाची गं?’ म्हातारीने विचारलं.

‘अर्लीन ग्रँटची. नदीपलीकडच्या.’

‘म्हणजे आमच्यातलीच. म्हणजे तुला कळत होतं.’

‘हो.’

‘माळ्याला कळत नव्हतं, त्याला मी माफ केलं असतं.’ आवाज चढलेला नव्हता. ‘कुठल्या कुंडीत आहे?’

‘ते... खरंच नाही ठाऊक.’

‘मग सगळ्या उपड्या कर.’

‘मिस रोझेटा,’ कोर्टनी पुढे झाली, ‘ही झाडं फार जुन्या वाणाची आहेत, विश्वस्तांना विचारल्याशिवाय आपल्याला... म्हणजे तुमची भावना मला पूर्ण समजते, पण...’

‘तू गप्प बस, बाळ. मी तिला सांगतेय.’

सगळे ल्युवेनियाकडे बघत होते. वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल, रडू येईल, कोणीतरी पाठीवरून हात फिरवेल – सव्वीस वर्षं ती याचीच तर स्वप्नं बघत आली होती. तसलं काही झालं नाही. धोंडा होता तिथेच होता. माफी मागावी असंही तिला वाटेना, मागून मिळणारी नव्हती, आणि आता ती हवी होती असंही नाही. तिला फक्त त्या सोळा कुंड्या दिसत होत्या, आणि तिचं मन आधीच मुळं कशी सोडवायची, कोणती फांदी धरायची, तुकडे धुवायला पाणी कुठून आणायचं हे बघू लागलं होतं, आणि एक भीती, अगदी कोरी, आजवर कधी न वाटलेली, तिच्या अंगभर पसरत गेली – आपण इतके बारीक तुकडे केले की यातला वाडगा कुठला, हे आपल्यालाच ओळखता आलं नाही तर?