पापाने तापणारं ताट

मालगुंडच्या अलीकडच्या खारवीवाड्यातून त्या सकाळी एकही होडी समुद्रात गेली नव्हती. सगळा वाडा मांडवात दाटीवाटीने बसला होता आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पुढे चौरंगावर एक काळं, गुळगुळीत ताट घट्ट बसवलेलं होतं. वाड्यातल्या बाया एकेक करून पुढे येत, त्यावर तळवा टेकवत आणि सुटकेचा श्वास टाकत मागे जात.

रघू पहिल्या रांगेत होता. त्याचा धाकटा भाऊ विनोद होडीसकट बुडाल्याला महिना होत आला होता. प्रेतही मिळालं नव्हतं. गावोगाव फिरणाऱ्या अग्निनाथ महाराजांनी त्याला सांगितलं होतं, "समुद्राने नाही नेला तुझा भाऊ. वाड्यातल्याच एका बाईने खाल्ला." तेव्हापासून रघूला झोप लागू लागली होती. आता रागवायला कुणीतरी मिळणार होतं.

महाराजांचा आवाज तुपात घोळवलेला. "हे सोनं नव्हे, तांबं नव्हे. प्लास्टिक! कलियुगाचं द्रव्य. यात वीज शिरत नाही हे शाळकरी पोरही सांगेल. मग तापतं कशाने? पापाच्या कंपनांनी! विज्ञान इथे येऊन चपला बाहेर काढतं."

वाड्यातल्या केतन वायरमनने ताटाला टेस्टर लावून पाहिला होता. दिवा लागला नाही, तेव्हा महाराजांच्या पायावर सगळ्यांत आधी डोकं टेकलं ते त्यानेच.

"पुढची!"

सगुणा उठली. मासळी विकून एकटी राहणारी, तोंडाने फटकळ विधवा. विनोद गेला त्याच्या आदल्या दिवशी तिचं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. महाराजांच्या चेल्यालाही, कारण तो आधी येऊन घरोघर चहा पीत हिंडला होता.

तिने हात ठेवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती किंचाळली.

"दाबून धरा!" महाराज गरजले. रघू धावला आणि त्याने तिचं मनगट ताटावर दाबून धरलं. तळव्याला फोड येऊ लागले तरी सोडलं नाही.

"होडीत घाला हिला," मागून कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं. "तो गेला तिथेच नेऊन सोडू."

नको, असं कुणी म्हटलं नाही. दोघेतिघे दोर आणायला उठलेसुद्धा.

"रघूदादा, मावशीचा हात सोड!"

सगुणाच्या शेजारणीने सकाळीच फोन करून बोलावलेली शमिका मांडवात शिरली होती. ही सगुणाच्या बहिणीची मुलगी, रत्नागिरीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारी.

"तू मधी पडू नको, बाय," रघू म्हणाला. "ताटाने दाखवलंन सगळ्यांना."

"मग एकदा तू हात ठेव. तुझ्या मनात पाप नाय ना?"

रघूने तिचं मनगट सोडलं आणि स्वतःचा हात ठेवला. ताट कोमट होतं, भाजत नव्हतं. तेवढ्यात शमिका चौरंगामागे गेली, चेल्याला कोपराने बाजूला सारलं आणि तो जिथे पाय ठेवून उभा होता तिथेच चटईवर तिने पाय दाबला.

रघूच्या तळव्याखाली ऊब सरकली. मग चटका बसला. त्याने ओरडून हात ओढून घेतला.

"आता बोल," शमिका म्हणाली. "तूच खाल्लास ना विनोदला?"

दोर घेऊन आलेले आता त्याच्याकडे बघत होते. मघाशी सगुणाकडे बघत होते, तसेच.

"अरे, कळ हाय! चटईखाली कळ हाय!" तो ओरडला आणि त्याने चौरंगच उलटा केला. खाली बॅटऱ्या चिकटवलेल्या होत्या. त्यांच्या तारा ताटाच्या दोन कडांच्या तांब्याच्या पट्ट्यांना जोडलेल्या होत्या आणि एक तार चटईखालच्या कळीपर्यंत गेली होती.

"पण टेस्टर लागला नाय तो?" केतनने विचारलं.

"तुझा टेस्टर घरातल्या विजेसाठी. एवढ्याशा बॅटरीवर तो पेटणारच नाही," शमिका म्हणाली. "आणि ताट प्लास्टिकचंच आहे, त्यात महाराज खोटं बोलले नाहीत. त्यावर कार्बनच्या नळ्यांचा थर दिलाय. केसाहून हजारो पट बारीक नळ्या, शाईसारख्या फवारलेल्या. प्लास्टिकातून वीज जात नाही, पण या थरातून जाते आणि तो तापतो. आमच्या प्रयोगशाळेत मुलं हे करतात."

महाराज "यंत्र हे निमित्तमात्र..." असं काहीतरी पुटपुटत मांडवाच्या कडेला सरकत होते. त्यांना केतननेच धरलं. पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. दोर आणायला गेलेल्यांची नावं मात्र कुणीच सांगितली नाहीत.

संध्याकाळी रघू सगुणाच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने दार अर्धंच उघडलं. हाताला पट्टी होती.

"काकी, माझं चुकलं."

"हात बरा होयल रे," ती म्हणाली. "पण तुम्ही सगळी मना होडीत घालायला उठलाव. एक जण 'नको' बोल्ला नाय." आणि तिने कडी लावून घेतली.

रघू पायरीवरच बसला. विनोदच्या होडीचं इंजिन आठवडाभर बंद पडत होतं. वादळाचा इशारा आला होता आणि तरी तो हट्टाने गेला होता. हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. ते मान्य करणं जड जात होतं, एवढंच. आणि अग्निनाथाने घाव घातला तो नेमका तिथे.

उद्या दुसरा कुणी येईल. त्याच्याकडे याहून नवी वस्तू असेल आणि तिच्यातलं विज्ञान आपल्याला कळेलच असं नाही. न कळू दे. पण ती कशी चालते ते विचारा, हातात घेऊन उलटीपालटी करू द्या म्हणा. आणि तो नाही म्हणाला, तर कुणाचंही मनगट धरण्याआधी तिथून उठून घरी या.