दोन मिलिमीटर फूल

वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून जपायची, हे माझं तीस वर्षांचं काम. खोलीत खुर्ची एकच, माझी. महिन्यापूर्वी भाची इथे संशोधनाला आली, तेव्हापासून ती उभ्यानंच मोजमाप करते.

काल ती नाचतच आली. "मावशी, साठ वर्षांत या झाडाची पानं तशीच राहिली, फूल मात्र लांबलं!"

"अक्कल गहाण ठेवलीस का? जुनी फुलं वाळलेली, तुझी ताजी. वाळलं की फूल आकसतं."

तिचा चेहरा पडला. मग मलाच राहवेना. चहाच्या कपात कढत पाणी ओतलं आणि जुनी पाच फुलं भिजत घातली. हळूहळू ती मऊ होऊन उलगडली. तिनं पट्टी लावली. पाचही फुलं ताज्या फुलांहून दोन मिलिमीटर आखूडच निघाली!

"मग पानं का नाही गं बदलली?"

"पानांचं ऊन-पाण्यावर भागतं, मावशी. फुलाकडे कुणीतरी यावं लागतं, एखादी माशी नाहीतर फुलपाखरू. येणारे बदलले, की फूलही बदलतं."

मी उठले आणि शेजारच्या खोलीतून दुसरी खुर्ची ओढत आणली.