शिशाचा गोळा

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. बदनाम तराजू! एके काळी गल्लीत कुणी कुणाला फसवले की लोक माझेच नाव घ्यायचे.

माझी दांडी लोखंडी, पारडी पितळी. एका किराणा दुकानदाराने मला हौसेने विकत आणले. साखर, तांदूळ, डाळी, सारे मी तोलले. "डोळे मिटून घ्यावं असं माप!" गिऱ्हाइके म्हणायची आणि मला धन्य वाटायचे. एकदा मालाचे पारडे फरशीवर आपटले आणि त्याची कड फाटली. तेवढा तुकडा कापून टाकावा लागला, म्हणून पारडे हलके झाले. मग मालकाने त्याच्या बुडाला शिशाचा छोटा गोळा बांधला, तेव्हा कुठे दोन्ही पारडी पुन्हा सारखी झाली. याला पासंग म्हणतात.

पुढे मालक वारला. दुकान त्याच्या बायकोने चालवायला घेतले. सारी गल्ली तिला मामी म्हणे. घर चालायचे ते दुकानावरच, आणि मुलगी अजून शाळेत होती.

एके सकाळी समोरच्या शिंप्याने वाकून पारड्याखाली पाहिले. "अरे, हे काय! खाली वजन बांधलंय! मामी काटा मारते!"

"अहो, रिकामी पारडी तरी बघा!" मामी कळवळून सांगत राहिली. पण ऐकतो कोण? दिवस मावळायच्या आत गल्लीभर बोभाटा झाला. गिऱ्हाईक तुटले.

मग एक दिवस मुलगी शाळेतून आली ती डोळे पुसतच. "आई, बाईंनी आज इंग्रजी शब्द शिकवला, नोटोरियस. म्हणजे नाव सगळ्यांच्या तोंडी, पण वाईट कामासाठी. उदाहरण विचारलं तर शिंप्याची मुलगी म्हणाली, आमचं दुकान. अख्खा वर्ग हसला गं!"

मामी मला घेऊन दुकानाच्या दारात आली. तिने कात्री घेतली आणि सगळ्यांदेखत गोळा कापून काढला.

आणि काय सांगू! मालाचे पारडे हलके झाल्यामुळे आता दर वेळी माल जास्त जाऊ लागला. मी खोटा झालो, आणि लोक म्हणाले, "हां, आता कसा काटा खरा झाला!" शिंपी तर सर्वांच्या पुढे. दुकान पुन्हा गजबजले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. मामीही माझ्याकडे बघेना.

शेवटी एका संध्याकाळी तिने तो गोळा शोधून पुन्हा बांधला.

"आई, लोक परत नावं ठेवतील," मुलगी रडवेली झाली.

"ठेवू देत. खोट्या मापावर मिळालेलं चांगलं नाव मला पचत नाही, बाळा."

दुकान बंद पडले. मामी आता दुसऱ्याच्या दुकानात धान्य निवडते.

मित्रांनो, कुणाला नावे ठेवण्याआधी त्याची रिकामी पारडी एकदा बघत जा. माझी पारडी आता मामीच्या स्वयंपाकघरात टांगलेली आहेत. शाळेला निघताना मुलगी रोज वर बघते. दोन्ही सारखी असतात.