पिशवीतला रस्सा

मी एक जुना रस्सा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. मला वास येत नाही, बुरशी धरत नाही. मी मोबाइलवरच्या एका खेळातला रस्सा आहे, आणि आमच्या खेळात शिजवलेलं अन्न कधी आंबत नाही. तुम्ही म्हणाल, नशीबवान आहेस. आधी माझी हकिगत तर ऐका.

आमच्या खेळात राक्षस आहेत, किल्ले आहेत, आणि जागोजागी चुली आहेत. जंगलातून वेचून आणलेलं सामान पातेल्यात टाकायचं आणि बोट टेकवायचं. काय टाकलं त्यावर पदार्थ ठरतो. अळंबी आणि मासा टाकला तर जखमा भरून येतील असं कालवण होतं. कंद आणि मध टाकला तर पळायला बळ येतं. काहीच्या बाही कोंबलं तर काळा गोळा हाती येतो, तो कुत्रंही हुंगत नाही. आणि पदार्थ ज्याच्या हातचा, त्याचं नाव खाली लिहून येतं. माझ्याखाली 'दिपक' असं नाव आहे.

दिपक सोलापूरच्या भवानी पेठेतला. त्याची आई चांगुणाबाई घरीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवते. धाकटी बहीण प्रतिक्षा तेव्हा सहावीत होती. दोघं भावंडं खेळात जोडीनं हिंडायची, तो आपल्या मोबाइलवर, ती आईच्या. मग दिपकला चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम लागलं. आत मोबाइल न्यायचा नाही, सुट्ट्या थोड्या. आता खेळ काढून टाकायचा, असं त्यानं ठरवलं, आणि कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी शेवटची चूल पेटवली.

त्या चुलीवर माझा जन्म झाला. खरं सांगायचं तर मी काही बेत करून रांधलेला पदार्थ नाही. दिपकनं पिशवी उपडी केली. उरलीसुरली अळंबी, एक मासा, कसलासा पाला, खडेमीठ, सगळं पातेल्यात गेलं. पण मग तो थांबला आणि त्यानं दुसरी पिशवी उघडली, हत्यारांची. तीत लाल मिरच्या होत्या, राक्षसाच्या डोळ्यांत फेकायच्या. खेळ बनवणाऱ्यांनी त्या तेवढ्यासाठीच ठेवल्या असाव्यात. सोलापूरच्या पोराला मात्र मिरचीची जागा पातेल्यातच दिसते. त्यानं मूठभर मिरच्या वेचून काढल्या आणि टाकल्या. मी लालभडक झालो. माझा गुण लिहून आला, 'खाल्ल्यास थंडी वाजणार नाही.'

ज्या गावात मे महिन्यात फरशीवर पाणी मारून माणसं निजतात, तिथं मी थंडीवरचा इलाज म्हणून जन्मलो, मित्रांनो. हसा खुशाल. पण प्रतिक्षाची पुढची वाट बर्फाच्या डोंगरावरून होती, आणि आता ती एकटीनं चालायची होती.

"धर बारके," दिपक म्हणाला. "लागंल तवा खा."

आणि तो गेला. म्हणजे घरातच होता, पण गेल्यासारखाच. कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची. हाताला ऑइलचा वास घेऊन यायचा, भाकरी खायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. प्रतिक्षानं मला पिशवीत पहिल्या जागी ठेवलं. शेजारच्या रुद्राणीला बोलावून दाखवलं. "दादानं केलाय, माझ्यासाठी," असं सांगताना तिची मान अशी काही ताठ व्हायची, की मला माझ्यातल्या मिरच्यांचाही अभिमान वाटायचा.

मग आम्ही बर्फाच्या डोंगरावर गेलो. मला वाटलं, आलं माझं काम. ती कुडकुडत चालली, पडली, मेली, पुन्हा पायथ्याशी उभी राहिली. पुन्हा चढली, पुन्हा मेली. मी तिच्या पाठीवरच्या पिशवीत, चांगला कढत.

"अगं, खा की तो रस्सा," रुद्राणी करवादली. "मेलीस बघ परत."

"मरू दे. दादा आला की दोघं मिळून खाणार."

सहावीची पोर नववीत गेली. बाकीचे पदार्थ आले, खाल्ले गेले, त्यांचं सोनं झालं. मी तिथंच. तुम्ही आजवर ज्या वस्तूंच्या कहाण्या ऐकल्यात त्या वापरून वापरून झिजलेल्या असतात. मला कुणी टाकलं नाही, तोडलं नाही. मला जपलं. जपण्यानंही एखाद्याचा जीव गुदमरतो, हे मला विचारा.

आणि एके दिवशी खेळ उघडताच पाटी आली. या महिन्याच्या अखेरीला खेळ कायमचा बंद होणार.

प्रतिक्षा दिपकच्या मागं लागली. "दादा, एकदाच ये. रस्सा खायचाय."

"बघू की उद्या," असं पांघरुणातून उत्तर यायचं.

"तीन वर्सांचा रस्सा?" चांगुणाबाई दोरा ओवत म्हणाल्या. "आंबला असंल."

"आंबत न्हाय तो, आई."

"मग कसला रस्सा म्हणायचा त्यो?"

शेवटच्या दिवशी दुपारी दिपक सकाळपाळी करून आला आणि निजायला निघाला. चांगुणाबाईंनी त्याची उशी उचलून आपल्या मांडीखाली घेतली. "आदी तिच्यापाशी बस. मग झोप."

त्यानं खेळ पुन्हा मोबाइलवर घेतला. त्याचा खेळातला गडी तीन वर्षं त्याच चुलीपाशी उभा होता. प्रतिक्षाही खेळात त्याच्याजवळ येऊन बसली आणि तिनं मला बाहेर काढलं.

"हे काय?"

"रस्सा. तूच केलेला."

"मी?" दिपकनं डोकं खाजवलं आणि हसला. "आगं, पिशवी रिकामी करत हुतो मी. हुतं न्हवतं ते टाकलं भांड्यात. ते तू ठिवलंस व्हय?"

 प्रतिक्षाचा अंगठा माझ्यावरून बाजूला झाला. शिलाई मशीनही थांबलं.

मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, बाळ, त्यानं दुसरी पिशवीही उघडली होती. मिरच्या वेचून काढल्या होत्या. तो विसरलाय, एवढंच. माणसं केलेलं विसरतात. पण मी पडलो रस्सा.

दिपकनं बहिणीकडं बघितलं. नीट, बऱ्याच दिवसांनी. "थंडीचा हाय की ह्यो," तो माझा गुण वाचून म्हणाला. "मग त्या डोंगरावर काय खाऊन चढलीस?"

"कायच न्हाय."

"तशीच?"

"लई येळा मेले," ती म्हणाली. "मग चढले."

तो सरसावून बसला. म्हणाला, "आण हिकडं."

तिनं मला दोघांच्या मधे ठेवलं. लगेच पाटी आली, 'इथं थंडी नाही. पदार्थ वाया जाईल. तरी खायचा?'

"वाया जाईल म्हणतंय, दादा."

"म्हणू दे. त्याला काय कळतंय?" त्यानं बोट टेकवलं आणि अर्धा रस्सा संपवला. "तिखट हाय," दिपक म्हणाला, आणि उगाच नाक पुसलं. चांगुणाबाई हसल्या. "आता तू खा. आन मला डोंगर दाखव. खेळ बंद व्हायच्या आत बघू."

मित्रांनो, मी आता अर्धाच उरलोय, म्हणून घाईत सांगतो. कुणी तुमच्यासाठी काही रांधलं, विणलं, शिवलं, तर ते फडताळात ठेवून पुजू नका. खा, नेसा, वापरा, संपवा. आणि ज्यानं ते केलं तो माणूस जवळ असेल, तर त्याला उठवून शेजारी बसवा.

प्रतिक्षाचा अंगठा खाली येतोय. तीन वर्षांत मी इतका कढत कधी नव्हतो.